अर्ध्या चेहऱ्याचे पैसे

१९७० ते २००० या काळात जबलपूर, गोंदिया किंवा नागपूरकडच्या मराठी घरांत जे लग्नाचे अल्बम तयार झाले, त्यांत एक गोष्ट हटकून सापडते. सगळे चेहरे समोरून उजळलेले असतात, नाकाची सावली जवळजवळ नसते, मागे भिंत असेल तर डोक्यांभोवती काळी कड उमटलेली असते आणि भिंत नसेल तर नुसता काळोख. नवरा-नवरी, मामा, विहीणबाई, भटजी आणि आहेर घेऊन रांगेत उभे असलेले शेजारी, सगळ्यांच्या वाट्याला एकच उजेड. या सपाटपणाचं खापर सहसा फोटोग्राफरच्या अडाणीपणावर फोडतात, नाहीतर त्याच्या स्वस्तातल्या फ्लॅशगनवर. मला दोन्ही कारणं अपुरी वाटतात. लग्नाच्या फोटोतला उजेड यंत्रानं जितका ठरवला, त्याहून जास्त तो फोटो तपासणाऱ्यानं ठरवला. फोटोला नावं कोण ठेवतो, कधी ठेवतो आणि त्यात फोटोग्राफरचं काय जातं, हे पाहिलं की प्रकाशाचे प्रयोग कधी बहरले आणि कधी गोठले याचा बराचसा उलगडा होतो.

हे तपासायला बरगीसारखी जागा सोयीची आहे. जबलपूरहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं, नर्मदेवरच्या धरणामुळे नाव झालेलं हे गाव. हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली आणि १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार तिथूनच चालला. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८७० साली जबलपूरला कलकत्त्याच्या लोहमार्गाला मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून निघालेली छोट्या रुळांची गाडी बरगीवरून जबलपूरला येऊ लागली. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धातला खमरियाचा दारूगोळा कारखाना, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे मराठी कुटुंबं या भागात राहिली आणि रुजली. त्यामुळे इथे लग्नाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. मराठी लग्न बहुधा दिवसाउजेडी लागतं, क्वचित गोरज मुहूर्तावर. आजूबाजूचं हिंदी भाषक लग्न मात्र रात्रीचं: वरात निघते अंधार पडल्यावर, जयमाला होते जेवणाच्या सुमारास आणि फेरे मध्यरात्र उलटल्यावर. फोटोग्राफर दोन्हीकडे तोच. दुपारच्या मांडवातला मंद, कापडातून गाळून आलेला उजेड आणि रात्रीच्या मैदानातला मिट्ट काळोख या दोन टोकांना त्याला एकाच सामानानं तोंड द्यावं लागलं. तरीही दोन्हीकडच्या अल्बमांत उजेड एकसारखाच कसा?

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे फोटोग्राफीची सुरुवातच चिकित्सेच्या वातावरणात झाली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. लंडनची सोसायटी तिच्याहून जेमतेम वर्षानं मोठी. मुंबईच्या सभांत सभासद आपापले छापे मांडत, रसायनांची मात्रा सांगत, काय फसलं यावर बोलत. सोसायटीचं नियतकालिकही होतं. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी याच वर्तुळातले. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. फसलेला छापा इथे लपवायची वस्तू नव्हती, दहा जणांसमोर ठेवून शिकायची होती. या सभांना येणाऱ्या बहुतेकांचं पोट फोटोवर चालत नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. छापा फसला म्हणून त्यांच्या घरात चूल पेटायची राहत नसे.

त्या काळी लग्नविधीचा फोटो काढणं जवळपास अशक्य होतं आणि ही अडचण केवळ वेगाची नव्हती. त्या वेळच्या फोटोच्या काचा निळ्या उजेडालाच दाद देत. पिवळा आणि तांबडा त्यांना दिसतच नसे. मराठी लग्नात नेमके हेच दोन रंग असतात. हळद लागलेला चेहरा काळवंडून येई, कपाळावरचं कुंकू डांबराच्या ठिपक्यासारखं दिसे, हळदी रंगाचं वस्त्र गडद होई आणि तांबडा शालू तर विधवेच्या आलवणाहून वेगळा ओळखू येत नसे. १८७३ मध्ये जर्मनीत फोगेलनं काचेला रंग चढवून हिरवा-पिवळा पकडायची युक्ती शोधली. तांबड्यालाही दाद देणाऱ्या काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण गावोगावच्या दुकानांत त्या सर्रास यायला आणखी बराच काळ गेला. मंगलप्रसंगाचे रंगच ज्या यंत्राला अशुभ दिसत होते, त्याला बोहल्याजवळ येऊ द्यायला वडीलधारी मंडळी राजी नसतील तर त्यात नवल काय? लग्नाचा फोटो म्हणजे मग लग्न झाल्यावर स्टुडिओत जाऊन काढलेला एकच फोटो. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा.

पण त्या एका फोटोतला उजेड पाहण्यासारखा असे. जुन्या स्टुडिओंना उत्तरेकडून काचेचं छप्पर असायचं आणि दोऱ्यांनी सरकवायचे पडदे. फोटोग्राफर पडदे ओढून एका गालावर उजेड घेई, दुसऱ्या गालावर हलकी सावली राहू देई. राजा दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला असताना या छंदाकडे वळले; पुढे सिकंदराबाद आणि मुंबईत त्यांचे स्टुडिओ झाले, १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओही निघाला. त्यांच्या स्टुडिओतली व्यक्तिचित्रं पाहिली की गालाची गोलाई, कापडाची घडी, दागिन्यांचा उठाव हे सगळं बाजूच्या उजेडानं घडवलेलं दिसतं. म्हणजे सपाट उजेड ही आपल्याकडची मूळची गोष्ट नव्हे. तो नंतर आला.

या मताला एक वजनदार आक्षेप आहे. जुडिथ मारा गटमन यांनी १९८२ च्या पुस्तकात असं मांडलं की भारतीय फोटोग्राफर खोली आणि सावली टाळतात, कारण त्यांची नजर लघुचित्रांवर पोसलेली आहे. नंतरच्या अभ्यासकांनी या मताची बरीच झडती घेतली, तरी ते चर्चेतून गेलेलं नाही. 'आपल्या लोकांना सावली आवडतच नाही' हे त्याचंच बाजारी रूप. मराठी पुरावा मात्र उलटा आहे. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' घ्या. हे जलरंगातलं चित्र चाळीसच्या दशकातलं आणि आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रवी वर्म्याचं समजून पाहतात, ती गोष्ट वेगळी. हातातल्या दिव्यावर तळवा धरलेली मुलगी, बोटांच्या कडा आतून लाल झालेल्या, आणि बाकी सारं अर्ध्या अंधारात. हे चित्र आपल्या लोकांना इतकं आवडलं की त्याच्या प्रती घराघरांत लागल्या. प्रभातचा 'कुंकू' १९३७ चा. जरठ-कुमारी विवाहाची गोष्ट शांताराम सावल्यांतून सांगतात आणि तो चित्रपट थिएटरं भरून चालला. ज्या प्रेक्षकाला पडद्यावर आणि भिंतीवर सावली चालत होती, त्यालाच अल्बममध्ये ती खपेना. तेव्हा हा आवडीनिवडीचा मामला नसावा. अल्बम पाहताना तोच माणूस निराळ्या कामावर बसलेला असतो.

ते काम कोणतं, ते पुढे येईलच. आधी यंत्राची बाजू ऐकून घ्यायला हवी, कारण ती लंगडी नाही. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची चकाकती पूड निघाली. भपकन पेटणारी, धूर ओकणारी ही चीज कापड आणि आंब्याच्या डहाळ्यांच्या मांडवात कोण पेटवू देईल? १९३० च्या आसपास काचेच्या बंद बल्बातला फ्लॅश आला, पण एक बल्ब एका फोटोपुरता. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आपल्या लग्नांत रुळला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं उत्पादन १९६७ साली सुरू झालं. एकशेवीसच्या रोलवर चौकोनी फोटो येत बारा. लग्नाला चार-पाच रोल मिळाले तर त्यांत हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पंगत आणि पाठवणी बसवायची. एक क्षण जरी चुकला तरी तो विधी पुन्हा होत नाही. अशा हिशेबात 'जरा बाजूनं उजेड देऊन बघू' म्हणायची हिंमत कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे.

शिवाय त्या फ्लॅशच्या स्वतःच्या खोडी होत्या. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: पुढची रांग सहा फुटांवर आणि मागची बारा फुटांवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाई उजेड. स्टेजवरच्या गटफोटोत पुढे बसलेल्या आत्याबाई पांढऱ्याफटक आणि मागे उभे असलेले काका अंधारात, हे त्याचं फळ. सत्तरच्या दशकापासून स्वयंचलित फ्लॅशगन आल्या. समोरून परत आलेला उजेड मोजून त्या आपोआप बंद होत. आता अंतरपाटाचा क्षण डोळ्यांसमोर आणा. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरंशुभ्र कापड फोटोच्या मधोमध. फ्लॅशच्या डोळ्याला ते कापडच दिसतं, उजेड पुरला असं समजून तो लवकर मिटतो आणि दोन्ही चेहरे काळपट येतात. बरगीसारख्या ठिकाणी रात्रीच्या वरातीत याच्या बरोबर उलट. मागे उघडं मैदान, परत फिरणारा उजेड जवळजवळ नाहीच. फ्लॅश आपला सगळा दारूगोळा रिकामा करतो आणि घोड्यावरच्या नवऱ्याचा चेहरा चुना फासल्यासारखा होतो. छतावर उजेड उडवून मऊ करावा, तर मैदानाला छत नाही, आणि मांडवाला आहे ते लाल-पिवळ्या कापडाचं. त्यावरून आलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो.

एवढं सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. याच फोटोग्राफरच्या आजूबाजूला बाजूचा उजेड फुकट उपलब्ध होता. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं दोन्ही अंगांनी असत. लाजाहोमात खालून ज्वाळा उजेड टाकत होती. दुपारच्या मराठी लग्नात मांडवाच्या उघड्या बाजूनं जो उजेड येई, तो जुन्या स्टुडिओच्या काचेच्या छपराइतकाच मऊ असे. ऐंशीच्या दशकात, १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आल्यावर व्हिडिओवाल्यांचे हजार वॉटचे हॅलोजन आले आणि ते उचलून धरायला एक पोऱ्याही आला. त्या पोऱ्याला चार पावलं डावीकडे उभं केलं असतं तर चेहऱ्याला उठाव आला असता, खर्च शून्य. तरी तो कॅमेऱ्याच्या खांद्याला खांदा लावूनच उभा राहिला. ही कसर पैशाची म्हणता येणार नाही.

इथे हॉलिवूडची एक गोष्ट सांगतात. १९१५ च्या 'द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया'मध्ये सेसिल डीमिलनं नटांच्या चेहऱ्यावर एकाच बाजूनं उजेड टाकला. निर्माता गोल्डविननं कळवलं, नटाचा अर्धाच चेहरा दिसतो, चित्रपटगृहवाले अर्धेच पैसे देतील. डीमिलनं उत्तर दिलं की हा रेम्ब्रांटचा उजेड आहे. त्यावर म्हणे गोल्डविननं कळवलं, मग चित्रपटगृहवाले दुप्पट पैसे देतील. आपल्या फोटोग्राफरकडे असा कुठलाच रेम्ब्रांट नव्हता. त्याच्यापुढे होती लग्नानंतर पंधरा दिवसांनी सतरंजीवर बसून अल्बम उलगडणारी मंडळी. ती मंडळी चित्र पाहायला बसलेली नसत, हजेरी घ्यायला बसलेली असत. कोण आलं होतं, कोण कुणाशेजारी उभं होतं, शालू नीट दिसतो का, पाटल्या-बांगड्या मोजता येतात का, नागपूरच्या मावशींचा फोटो आहे की राहिला. ज्यांचा चेहरा अर्धा सावलीत, त्यांची हजेरी अर्धी. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्याच नागद्याचा अभ्यास करून १९९७ मध्ये 'कॅमेरा इंडिका' लिहिलं. गिऱ्हाइकाला फोटोतून माणसाच्या अंतरंगाचा शोध नको असतो, त्याला मनाजोगं रूप हवं असतं, असं त्यातून दिसतं. सपाट उजेड या मागणीला चोख उत्तर होता. सगळं दाखवतो, काही झाकत नाही, कुणावर अन्याय करत नाही.

हजेरी घेणाऱ्या या टीकेला मी कमी लेखत नाही. नातेसंबंधांची नोंद म्हणून ते अल्बम आज अमोल आहेत. इतक्या वर्षांपूर्वीच्या माणसांचे चेहरे ओळखू येतात ते त्या सरळ उजेडामुळेच. पण तिचा एक पदर मात्र सोडून द्यायलाच हवा होता. 'मुलगी काळी आली' हा शेरा. सावळ्या मुलीचा फोटो सावळा आला तर दोष फोटोग्राफरचा, पैसे कापायचे ते त्याचे. त्यात परदेशी रंगीत फिल्म आणि छपाईची यंत्रं गोऱ्या कातडीच्या नमुन्यावर जुळवलेली असत, म्हणजे आधीच सावळ्या रंगाची आबाळ. मग फोटोग्राफर फ्लॅश थोडा जास्तच मारू लागला, छपाईत चेहरे उजळ करू लागला. मुलीच्या नाकीडोळी जे काही होतं, तेही त्या पांढऱ्या झोतात वाहून गेलं. सपाट उजेडाला चिकटून राहण्यामागे हजेरीइतकाच या शेऱ्याचाही हात आहे.

दुसऱ्या जातीची टीका आपल्याकडे नव्हती असं नाही. मुंबईत १९३७ पासून फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया होती, १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी झाली. सलोन म्हणजे फोटोंची प्रदर्शनं भरत, परीक्षक बसत, गुण दिले जात. सूर्याचे कवडसे, गुरांच्या पायांची धूळ, सुरकुतलेले चेहरे यांवर तिथे अतोनात प्रेम होतं आणि त्यातून प्रकाशाची उत्तम जाण असलेले कित्येक हौशी लोक घडले. पण पोटासाठी लग्नं करणारा माणूस त्या दालनात सहसा शिरला नाही आणि शिरलाच तर लग्नाचे फोटो घरी ठेवून शिरला. सलोनलाही ते नको होते. एकीकडे उजेड कळणारे लोक लग्नाकडे पाहत नव्हते, दुसरीकडे लग्न पाहणाऱ्यांना उजेडाशी देणंघेणं नव्हतं. १८५४ च्या मुंबईत ज्या दोन गोष्टी एका टेबलावर होत्या, प्रयोग आणि त्यावरची जाणत्यांची चर्चा, त्यांपैकी एकही या धंद्याच्या वाट्याला आली नाही. शिवाय लग्नाच्या फोटोवरची टीका नेहमी उशिरा येई. रोल धुऊन, छापून, अल्बम बांधून होईपर्यंत हॉलमध्ये दुसऱ्याच कुणाचं लग्न लागलेलं असे. टीका सुधारणेच्या कामी येत नव्हती, फक्त बिलातून वजा होत होती. अशी टीका माणसाला सावध करते, शहाणं करत नाही.

म्हणूनच पुढचा बदल मी नव्या कॅमेऱ्यांच्या खात्यावर सरसकट मांडत नाही. डिजिटल कॅमेऱ्यानं दिलेली मोठी गोष्ट म्हणजे पाठीवरचा छोटा पडदा. अंतरपाटानं फ्लॅशला फसवलं हे आता मंगलाष्टकं चालू असतानाच कळतं आणि शेवटच्या 'सावधान'च्या आत दुरुस्त करता येतं. पहिला टीकाकार फोटोग्राफर स्वतः झाला आणि टीका वेळेवर आली. त्यापाठोपाठ कार्यशाळा, स्पर्धा, एकमेकांचं काम उघडपणे तपासणं हेही या धंद्यात शिरलं. होमाच्या ज्वाळेवर टिपलेला चेहरा, मांडवाच्या दाराशी मागून उजेड घेऊन उभी नवरी, फ्लॅश विझवून गोरज मुहूर्ताच्या निळसर उजेडात काढलेले फोटो, हे सगळं रूढ झालं ते यानंतर. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि बरगीचा जलाशय आता लग्नाआधीच्या फोटोंच्या जागा झाल्या आहेत. त्या कड्यांवरच्या उन्हाचं वर्णन जेम्स फोर्सिथनं १८७१ मध्येच करून ठेवलं होतं, आणि दीनदयाळांचं काचेचं छप्पर जे काम करी, ते दुपार कलल्यावर ते पांढरे कडे करतात: एका बाजूनं ऊन, दुसऱ्या बाजूनं दगडावरून उडालेला मऊ उजेड.

यावर कुणी म्हणेल, जाणत्यांची टीका तरी कुठे निष्पाप आहे? खरं आहे. तिच्या नादी लागून आज शेकडो अल्बमांत तोच पाठमोरा काळा आकार, तोच सूर्यास्त, तेच धुरातले किरण दिसतात. फोटोग्राफर फोटोग्राफरसाठी फोटो काढू लागला की घरच्या आजीचा एकही धड फोटो अल्बममध्ये नसतो आणि मग तिच्या नातवंडांची तक्रार अगदी वाजवी ठरते. हजेरीची टीका आणि उजेडाची टीका दोन्ही कानांवर पडणारा फोटोग्राफर बरं काम करतो, असं माझं मत आहे; एकाच्याच तालावर नाचणाऱ्याचं काम लवकर साचेबंद होतं, मग तो ताल विहीणबाईंचा असो की परीक्षकांचा.

सध्या तर तिसराच मालक पुढे आला आहे. मोठ्या लॉनवरच्या रिसेप्शनला आता एलईडी वॉल लागते आणि स्टेजवरचं सगळं तिच्यावर त्याच क्षणी दिसतं. पंगतीतला माणूस जेवता जेवता नवरीचा चेहरा आठ फुटांत पाहतो आणि तिथल्या तिथे मत देतो. व्हिडिओवाल्याला त्यासाठी समोरून, दोन्ही बाजूंनी, अखंड पांढरा उजेड लागतो, आणि एकदा तसे दिवे लागले की त्या स्टेजवर फोटोग्राफरला सावली मिळायची नाही. दिवसा मांडवात मिळवलेली मोकळीक रात्री स्टेजवर परत जाते. बरगीच्या परिसरात मराठी घरांनीही दुपारचं लग्न आणि रात्रीचं रिसेप्शन अशी जोड पत्करलेली असल्यानं एकाच अल्बमच्या पहिल्या भागात १८९२ चा उजेड आणि दुसऱ्या भागात १९८५ चा उजेड असा प्रकार सर्रास पाहायला मिळतो. फोटोग्राफर दोन्हीकडे अजूनही तोच असतो.